सांधणं आणि भरून येणं

हृदयाचे ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र परत देऊन आले आणि आरशासमोर उभी राहिले, तर छातीवर पाच लाल चकत्या. बाटलीच्या झाकणाएवढ्या, कडेने गडद, मध्ये फिकट. चोवीस तास त्या जागी इलेक्ट्रोड होते. खाजवू नका असं बजावून सांगितलं होतं, म्हणून खाजवलं नव्हतं. त्या सगळ्या आवरलेल्या खाजेचा हिशेब त्वचा आता मागत होती.

त्याआधी काही महिने मला अधूनमधून ठोका चुकल्यासारखं वाटायचं. जिना चढताना नाही, धावपळीत नाही. रात्री डाव्या कुशीवर वळलं की हमखास. डॉक्टर म्हणाले, दिवसभराची नोंद घेऊ. मग तंत्रज्ञ मुलीने आधी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सँडपेपरसारख्या एका खरखरीत पट्टीने पाच ठिकाणी घासलं. "थोडं झोंबेल हं मावशी," म्हणाली. झोंबलंच. नंतर पांढऱ्या फोमच्या चकत्या, प्रत्येकीच्या मध्ये धातूचं बटण, पाठीमागे थंडगार जेलचा ठिपका. बटणांना वायरी, वायरी कमरेच्या डबीत. सोबत एक कागद, कधी काय केलं ते लिहायला. मी इमानेइतबारे लिहिलं. 4.10 जिना. 6.30 फोनवर भांडण. 11.45 आडवी झाले. 2.20 ठोका चुकला, नक्की.

अहवालात एक ओळ होती: रात्री 1.50 ते 4.35 नोंद वाचण्याजोगी नाही. कुशीवर वळताना एक चकती अर्धवट उचलली गेली होती. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते घडलं, तेव्हा यंत्र माझ्याच अंगावर होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

राग आला. डॉक्टरांचा नाही, त्या मुलीचाही नाही, त्या चकतीचा. एवढ्याशा गोष्टीला धड चिकटून राहता येऊ नये? मी रसायनशास्त्र शिकवते. राग आला की वाचायला घेते. गेली दोन वर्षं अंगावर चिकटणारे मऊ सेन्सर आणि तुटल्यावर आपसूक सांधले जाणारे पदार्थ यांच्यामागे लागले आहे, ते त्या पावणेतीन तासांपायी.

पहिला धक्का त्या खरखरीत पट्टीचाच होता. हृदयाची वीज त्वचेपर्यंत पोचते तेव्हा ती जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते. आणि त्वचा नुसती ताणली गेली तरी तिचं स्वतःचं विभव, म्हणजे विजेचा दाब, बदलतं, तेही काही मिलिव्होल्टपर्यंत. आत हृदय कुजबुजतं आहे आणि वरची त्वचा कूस बदलताना त्याच्याहून मोठ्याने बोलते आहे, असा सगळा प्रकार. त्वचेवरचा मृत पेशींचा थर घासून थोडा पातळ केला की हा गलका कमी होतो. त्या मुलीने हे सांगितलं असतं तर झोंबायचं ते झोंबलंच असतं, पण मी तोंड वाकडं केलं नसतं.

दुसरी अडचण भाषेची. शरीरात वीज वाहते ती आयनांच्या पाठीवरून: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड. तारेत ती इलेक्ट्रॉनांवरून वाहते. दोघांना एकमेकांचं कळत नाही. मधला दुभाषी म्हणजे चांदी आणि तिच्यावरचा सिल्व्हर क्लोराइडचा थर, आणि त्या दुभाष्याची जीभ ओली ठेवायला ते खारट जेल. जेल वाळलं की दुभाषी मुका. मग कागदावर उमटतात त्या रेषा हृदयाच्या की कूस बदलण्याच्या, हे सांगणं अवघड.

नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाचा आलेख काढायला घेतला, तेव्हा त्यांच्या यंत्राचं वजन सुमारे 270 किलो होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. 1924 साली त्यांना नोबेल मिळालं. पण मला त्यांच्या फोटोत यंत्रापेक्षा बादल्या जास्त आवडतात. रुग्ण खुर्चीत बसलेला, दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेला. हेच त्यांचे इलेक्ट्रोड. मला वाटतं, त्याहून चांगलं इलेक्ट्रोड नंतर बनलंच नाही. पाणी प्रत्येक सुरकुतीत शिरतं, कुठे पोकळी ठेवत नाही, त्वचेला ओढत नाही. त्यात सुरी फिरवा, सुरी बाहेर काढताच पुन्हा एकसंध. अडचण एवढीच की बादलीत हात घालून माणसाला जिना चढता येत नाही, फोनवर भांडता येत नाही.

फिरत्या माणसाची नोंद घ्यायचा हट्ट अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांचा. 1940च्या दशकाच्या अखेरीस त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर बांधावं लागे आणि त्याचं वजन तीस किलोंहून अधिक होतं. आज त्याची डबी झाली आहे, मुठीत मावेल एवढी. पण सगळी प्रगती डबीच्या वाट्याला आली. त्वचेला जिथे ती खरी भेटते, तिथे अजून जेल, फोम आणि चिकटपट्टी.

याचं कारण समजायला ताठपणाकडे बघावं लागतं. चिपमधलं सिलिकॉन आपल्या त्वचेपेक्षा लाखपटींहून जास्त ताठ असतं. (सिलिकॉन म्हणजे चिपमधलं मूलद्रव्य, सिलिकोन म्हणजे मऊ रबर. मराठीत एका मात्रेचा फरक आहे आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तोही राहत नाही.) कोपर वाकवलं की तिथली त्वचा सहज तीसेक टक्के ताणली जाते. सिलिकॉनला एखाद-दुसरा टक्काही सोसत नाही, तडकतं. मग या दोघांचा संसार कसा लावायचा?

2011 साली अमेरिकेतले जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वाट दाखवली. कडक पदार्थ इतका पातळ करायचा की तो आपोआप लवचीक होतो. फळी वाकत नाही, पण रंध्याने तिचाच काढलेला पातळ पापुद्रा बोटाला गुंडाळता येतो, तसं. सोन्याच्या तारा सरळ न ओढता नागमोडी ओढायच्या, म्हणजे ताण आला की वळणं सरळ होतात आणि तार तुटत नाही. हे सगळं केसाहूनही पातळ पापुद्र्यावर बसवून, मुलं पाण्याने टॅटू उठवतात तसं त्वचेवर उठवायचं. गोंद नाही. दोन पृष्ठभाग पुरेसे जवळ आले की रेणूरेणूंमध्ये जी ओढ असते, तिच्यावरच तो टिकतो. टोकियोच्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने 2017 मध्ये आणखी पुढे जाऊन पापुद्राही काढून टाकला. पाण्यात विरघळणाऱ्या धाग्यांची अतिसूक्ष्म जाळी, तिच्यावर सोन्याचा मुलामा. त्वचेवर ठेवून पाण्याचा फवारा मारला की धागे विरघळतात, सोन्याची जाळी त्वचेच्या रेघारेघांत बसते, आणि घामाला वाट मोकळी राहते. लाल चकत्या नाहीत. हे वाचताना माझा हात नकळत छातीकडे गेला होता.

पण जे इतकं पातळ, ते इतकंच हळवं. बोटाच्या पेरावर बसवलेली जाळी दिवसातून हजारदा दुमडणार. टॉवेल लागणार, नख लागणार. कुठेतरी तुटणारच. मग पुढचा प्रश्न साहजिक येतो: तुटल्यावर ते आपलं आपण जुळेल का?

इथे मला आईबद्दल लिहायला हवं.

आई ऐंशीच्या पुढे गेल्यावर तिची त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. आतल्या शिरा निळ्या नकाशासारख्या दिसायच्या. एकदा सलाइन काढताना सिस्टरने चिकटपट्टी फार सांभाळून सोडवली, कड धरून, त्वचा दुसऱ्या हाताने दाबून, मी स्वतः बघत होते. तरी पट्टीबरोबर बोटभर पापुद्रा उचलून आला. खालचं ओलं, गुलाबी दिसलं. सिस्टरचा चेहरा पडला. आई तिलाच म्हणाली, "असू दे गं. भरून येईल."

भरून आलं, पण महिना गेला. आधी रक्त गोठलं, मग कडा सुजल्या, मग गुलाबी दाणेदार मांस वर आलं, शेवटी एक चकचकीत, किंचित ताणलेला वण राहिला. तिथे पुन्हा लव आली नाही. शरीर जखम भरतं तेव्हा ते मूळचं परत करत नाही. घाईघाईने कोलॅजेनचे धागे रचून भगदाड बुजवतं आणि नंतर महिनोन्‌महिने त्या धाग्यांची फेररचना करत बसतं. खोल जखमेच्या वणाची ताकद मूळ त्वचेच्या फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. त्यात घर्मग्रंथी येत नाहीत. आई त्या वणावरून बोट फिरवत बसायची, सवयीने.

वर्तमानपत्रांत या नव्या पदार्थांना 'स्वतःला बरं करणारे' म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे दोन चांगली क्रियापदं आहेत. जखम भरून येते. फुटलेली वस्तू सांधतात. भरून येण्यात वेळ आहे, रक्त आहे, आतून काहीतरी नवं वाढणं आहे. सांधण्यात मात्र जे होतं तेच पुन्हा एकमेकांना धरतं. प्रयोगशाळांतले बहुतेक पदार्थ दुसऱ्या जातीचे आहेत, आणि सेन्सरच्या दृष्टीने ते बरंच आहे, असं मला हळूहळू वाटू लागलं आहे. का, ते पुढे येईल.

भरून येण्याच्या सर्वांत जवळ गेला तो 2001 सालचा इलिनॉय विद्यापीठातला प्रयोग. स्कॉट व्हाइट, नॅन्सी सोटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इपॉक्सी नावाच्या कडक प्लॅस्टिकात द्रवाने भरलेल्या बारीक कुप्या पेरल्या आणि सोबत एक उत्प्रेरक. तडा गेला की वाटेतल्या कुप्या फुटतात, द्रव तड्यात झिरपतो, उत्प्रेरकाला भेटतो आणि घट्ट होतो. खपलीच की ही. चिवटपणा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत परत मिळाला होता. पण कुपी एकदाच फुटते. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर आत देण्यासारखं काही उरत नाही. शिवाय हा पदार्थ कडक. विमानाच्या पंखाला चालेल, आईच्या हाताला नाही.

मऊ सांधणाऱ्यांची गोष्ट 2008 साली पॅरिसमध्ये वळण घेते. लुडविक लायब्लर यांच्या गटाने वनस्पतितेलातली मेदाम्लं आणि युरिया यांच्यापासून एक रबर बनवलं. नेहमीच्या रबरात लांब साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असतात. कापलं की बंध तुटला तो तुटला. या रबरात रेणू छोटे, आणि त्यांना धरून ठेवलंय फक्त हायड्रोजन बंधांनी. हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा दहा-वीस पटींनी दुबळा. पण तो जसा सहज सुटतो तसा सहज पुन्हा जुळतो. तुकडा ब्लेडने कापा, दोन कडा एकमेकींना लावून ठेवा, ना ऊष्णता ना गोंद. काही वेळाने ओढून बघा, पुन्हा ताणलं जातं.

या कामातली एक बारीकशी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कापलेल्या कडा जितका वेळ वेगळ्या ठेवाल, तितका सांधा कच्चा होतो. कापल्या क्षणी कडेवरचे मोकळे हात जोडीदार शोधत असतात. समोरची कड मिळाली नाही, तर ते आपल्याच बाजूचे शेजारी धरून बसतात. मग नंतर दोन्ही कडा कितीही दाबून धरा, मोकळे हातच फारसे उरलेले नसतात. मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता असते. प्रत्येक जण काय आठवत असेल ते मी विचारत नाही.

हे सगळं घरी बघायचं तर पांढरा गोंद आणि टाकणखार पुरतो. गेल्या सुट्टीत नऊ वर्षांची भाची आली होती. तिला स्लाइम करायचं होतं आणि मला निमित्त हवं होतं. गोंद पाण्यात सैल केला, टाकणखाराचं कोमट द्रावण चमच्याने घातलं, आणि ढवळता ढवळता सगळं चमच्याला गुंडाळून वर आलं. गोंदातल्या साखळ्यांना बोरेट मध्ये येऊन बांधतं, पण हे बांधणं क्षणाक्षणाला सुटत आणि पुन्हा बसत असतं. टाकणखार हे तसंही सांधणाऱ्यांचंच औषध. सोनार सांधा करताना तो लावतात, कारण तापल्यावर तो धातूवरचा ऑक्साइडचा थर विरघळवतो आणि धातूला धातू भेटतो. आमच्या वाडग्यात त्याचं काम वेगळं होतं, तरी नाव ऐकून मला बरं वाटलं.

भाचीने कात्रीने गोळा कापला. एक, दोन, तीन म्हणून जोडला. जुळला. पुन्हा कापला, एका कडेवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि जोडला. नाही जुळला. "आत्या, याला आता राग आलाय," ती म्हणाली. मी तिला पृष्ठभागाबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने जुळलेल्या जागी निळ्या स्केचपेनने रेघ ओढली, सकाळी सापडावी म्हणून.

सकाळी गोळ्याची चपटी पोळी झाली होती. रात्रभर तो स्वतःच्याच वजनाने पसरत गेला होता. निळी रेघ फाकून ढगासारखी झाली होती. सांधा अर्थातच दिसत नव्हता, पण आकारही राहिला नव्हता. या क्षेत्रातली खरी ओढाताण मला त्या वाडग्यात जेवढी कळली तेवढी कुठल्याच शोधनिबंधात कळली नव्हती. जे बंध पटकन जुळतात ते पटकन सुटतात, आणि जे सतत सुटत राहतात त्यांना आकार धरून ठेवता येत नाही. पक्के बंध घाला, आकार राहील पण सांधा जुळणार नाही. म्हणून अलीकडचे पदार्थ दोन्ही मिसळतात: काही बळकट बंध ठाण मांडून बसणारे, काही दुबळे, हाताबाहेर ताण गेला की आधी तुटून बाकीच्यांना वाचवणारे. स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने 2016 मध्ये सिलिकोनच्या साखळ्यांना लोहाच्या आयनांनी असं बांधलं, की पट्टी मूळ लांबीच्या पंचेचाळीस पट ताणता आली आणि उणे 20 अंशांनाही ती सांधली गेली. लोह एका बाजूने घट्ट धरतं, दुसऱ्या बाजूने सैल. एकाच आयनात दोन्ही.

सांधणं झालं. पण सेन्सरला वीजही वाहून न्यायची असते, आणि रबर तर वीज अडवतं. बाओ यांच्याच गटाने 2012 मध्ये अशा सांधणाऱ्या पदार्थात निकेलचे सूक्ष्म काटेरी कण मिसळले. कापून जोडल्यावर 15 सेकंदांत वाहकता नव्वद टक्के परत आली. यांत्रिक बळ पूर्ण यायला दहाएक मिनिटं लागली. हा क्रम मला गमतीचा वाटतो. वीज आधी परतते, बळ मागाहून. सेन्सर बोलायला लागला तरी तो अजून ओढाताण सोसण्याजोगा नसतो.

दुसरी वाट द्रव धातूची. गॅलियम 29.8 अंशांना वितळतं, म्हणजे तळहातावर ठेवलं की पाणी. त्यात इंडियम हा दुसरा मऊ धातू योग्य प्रमाणात मिसळलं की वितळणबिंदू 15-16 अंशांवर येतो. मेंडेलीव्ह यांनी 1871 मध्ये या मूलद्रव्याची जागा आवर्तसारणीत रिकामी ठेवली होती आणि नाव दिलं होतं 'एका-ॲल्युमिनियम'. हा 'एका' म्हणजे आपला संस्कृतातला एक. चार वर्षांनी लकॉक द ब्वाबोद्राँ यांना ते फ्रान्समध्ये सापडलं. संस्कृताचा हा धागा मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी मलाच जास्त आनंद होतो.

तर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कार्मेल माजिदी यांच्या गटाने 2018 मध्ये या द्रव धातूचे थेंब मऊ सिलिकोनमध्ये विखुरले. थेंबांवर ऑक्साइडची अतिपातळ साय असते, त्यामुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत आणि वीज वाहत नाही. पण दाबून रेघ ओढली की त्या रेघेवरचे थेंब फुटून एकमेकांना मिळतात, आणि तार तयार. आता ती तार कापा. कापताना आजूबाजूचे थेंब फुटतात, शेजाऱ्यांना मिळतात, आणि छेदाला वळसा घालून नवी वाट तयार होते. रस्ता खचला की लोक बाजूने पायवाट पाडतात, तसं. इथे छेद सांधला जात नाही आणि भरूनही येत नाही. तो तसाच राहतो. वीज मात्र चालू. माझ्या दोन क्रियापदांत हे बसत नाही, आणि मला ते आवडतं.

आता माझी तक्रार. या विषयावरच्या निबंधांत एक छायाचित्र ठरलेलं असतं. एक छोटा एलईडी दिवा, पट्टी अखंड असताना पेटलेला. पट्टी कापल्यावर विझलेला. जोडल्यावर पुन्हा पेटलेला. तिसऱ्या चौकटीत नेमकं काय सिद्ध होतं? दिवा पेटायला वीज कशीबशी गेली तरी पुरते. सेन्सरचं तसं नाही. समजा मनगटावरची पट्टी ताणाबरोबर बदलणाऱ्या रोधावरून नाडी मोजते. सांध्यानंतर तिचा मूळ रोध दहा टक्क्यांनी वेगळा झाला, तर दिवा पेटेल, पण नाडीचा आकडा खोटा येईल. वण माणसाला चालतो. मोजणाऱ्या वस्तूला वण परवडत नाही. तिने जिथून निघाली तिथेच परत यायला हवं. म्हणून मघाशी म्हटलं की सेन्सरसाठी भरून येण्यापेक्षा सांधणं बरं, आणि सांधणंही काठोकाठ.

हे काठोकाठ किती अवघड आहे ते खुद्द याच लोकांनी दाखवलंय. खरी यंत्रं एका थराची नसतात. वाहक थर, रोधक थर, पुन्हा वाहक. कापून जोडताना केसभर सरकलं की वाहकाला रोधक लागतो आणि सगळं ठप्प. बाओ यांच्या गटाने 2023 मध्ये दोन वेगळ्या जातींच्या साखळ्या घेतल्या, एकमेकींत न मिसळणाऱ्या, पण दोन्हींवर हायड्रोजन बंधांचे गट तेच. कापून वाकडेतिकडे जोडले तरी प्रत्येक थर आपल्या जातीचा थर शोधून सरकतो आणि मग जुळतो. तेल आणि पाणी जसं आपापलं वेगळं होतं. फक्त त्यासाठी 70 अंशांची ऊब आणि सुमारे चोवीस तास लागले. एवढी ऊब त्वचेवर कुणी देणार नाही, म्हणजे आधी पट्टी उतरवावी लागणार. तरी तो निबंध मी दोनदा वाचला.

आणि ब्लेड. प्रत्येक ठिकाणी ब्लेडचा स्वच्छ, ताजा छेद. अंगावरच्या पट्टीला ब्लेड कोण मारतं? तिला घाम लागतो, साबण लागतो, मळ बसतो, भाचीच्या टाल्कम पावडरसारखं काहीतरी मध्ये येतंच. पाणी तर हायड्रोजन बंधांचा जुना वैरी, कारण त्याला स्वतःलाच ते बंध करायची भारी हौस; मोकळ्या हातांत आपले हात घालून बसतं. म्हणून घाम न शोषणारी सिलिकोनची साखळी घेतात. गंमत म्हणजे पेडॉट-पीएसएस या वीज वाहून नेणाऱ्या बहुवारिकाचं (पॉलिमरचं) उलटं आहे. 2017 मध्ये माँट्रियलमधल्या संशोधकांना दिसलं की त्याच्या पातळ थरावर छेद दिला आणि पाण्याचा थेंब ठेवला की थर फुगतो, कडा एकमेकींत मिसळतात आणि वीज तत्क्षणी चालू. एकाला पाणी मारतं, दुसऱ्याला सांधतं. घामात दोघांना एकत्र नांदवायचं कसं, यावर लोकांच्या नोकऱ्या चालू आहेत.

बॅटरी आणि चिप अजून कडकच आहेत, हेही सांगायला हवं. मऊ आणि कडक यांच्या सीमेवर ताण गोळा होतो आणि तुटायचं ते तिथेच तुटतं. त्यावर उपाय शोधताहेत. मी वाट बघते आहे.

दोन महिन्यांपूर्वी ठोके पुन्हा चुकायला लागले. या वेळी वायरी नव्हत्या. एकच पॅच, बोटभर लांब, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली चिकटवलेला, सात दिवसांसाठी. सांधणाराबिंधणारा नव्हे, साधा, मऊ कडांचा. घासण्याची पट्टी मात्र तीच होती. "झोंबेल हं," म्हणाली दुसरीच मुलगी. "माहितीये, वरचा थर पातळ करताय ना," मी म्हटलं. तिने नुसतं बघितलं.

पाचव्या दिवशी खालची कड उचलली. पहिल्या वेळचं आठवून पोटात गोळा आला. रात्री डाव्या कुशीवर वळले की अंगठा त्या कडेवर दाबून धरायचे, आणि ठोका चुकला की दुसऱ्या हाताने पॅचवरचं बटण दाबायचे. झोपेत अंगठा सुटायचा, दचकून जाग यायची, पुन्हा दाबायचे. असे दोन दिवस काढले.

सातव्या दिवशी कोमट पाण्याने ओला करून तो हळूहळू सोडवला. या वेळी लाल डाग नव्हता, नुसती फिकट चौकट. पॅच उलटा करून दिव्याखाली धरला. कडेचा गोंद अजून चिकट असणार असं वाटलं होतं. बोट लावलं तर तो कोरडा, आणि त्यावर सगळीकडे बारीक करडी भुकटी बसलेली. भिंगाखाली पाहिलं, तर चपटे पापुद्रे. माझ्याच त्वचेचे. गोंद कुठेच सुटला नव्हता. तो ज्या थराला चिकटला होता, तो थरच सात दिवसांत गळून निघाला होता, दर महिन्याला वरची सगळी त्वचा बदलते तसा.

पॅच पाकिटात घातला, पाकिटावर तारीख लिहिली आणि कागदावर शेवटची नोंद केली: 7.15 सकाळ, काढला.